पहिल्यांदाच गाडी घेऊन कोकणात जाताय? आधी तिथी बघा, मग रूम

दिवाळी झाली की दरवर्षी दोन-तीन फोन ठरलेले असतात, आम्ही पहिल्यांदाच आपली गाडी घेऊन कोकणात जातोय, बरोबर मुलं आहेत, आई-बाबा आहेत, कुठून जाऊ, कुठे राहू. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि जे महत्त्वाचं असतं तेच राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. पुण्याहून निघणाऱ्यांसाठी लिहितेय आणि चार रात्रींचा हिशोब धरलाय. दोन रात्री दापोलीच्या बाजूला कर्दे-मुरूडला, मग दाभोळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडायची, दोन रात्री गुहागरला आणि येताना कुंभार्ली घाटाने परत. मुंबईकरांना माणगावपासून पुढचं सगळं असंच लागू.

१. तारीख तिथी बघून ठरवा

बहुतेक जण आधी सुट्टी बघतात, मग रूम, आणि समुद्राचं काय ते तिथे पोचल्यावर. मग होतं काय, संध्याकाळी पाच वाजता मुलं टॉवेल घेऊन तयार आणि नेमकी ओहोटी लागलेली, गावातले काका म्हणतात आत जाऊ नका, मुलं रडकुंडीला. हे टाळता येतं.

कोकणातली जुनी माणसं टेबल न बघता भरती सांगतात, त्यांचा हिशोब असा की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांना तेच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज हे सगळं पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकतं. या हिशोबात थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून निघायच्या आधी मोबाईलवर त्या भागाचं भरती-ओहोटीचं टेबल बघून घ्याच, पण तारीख ठरवायला पाऊणपट पुरते.

आता लहान मुलं बरोबर असताना पाण्यात जायचं ते पाणी चढत असताना, उतरायला लागलं की बाहेर यायचं. म्हणजे आपल्याला चार-साडेपाचच्या वेळेला चढतं पाणी हवं, आणि ते मिळतं सप्तमी ते दशमीला, कारण तेव्हा पूर्ण भरती सव्वापाच ते साडेसातच्या मधे येते. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही आणि फार मागेही जात नाही, त्यामुळे ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, बघायला सुंदर, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ते किनाऱ्यावर बसूनच बघावं.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. २५ डिसेंबर ते १ जानेवारी मात्र सोडा, रस्ते पॅक, खाणावळीत रांगा, रेट डबल. आंब्यासाठी जायचं तर एप्रिल-मे, पण उकाडा आणि घाम सहन करायची तयारी हवी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी म्हणून जाऊ नका.

२. रूम बुक करताना हे चार प्रश्न विचारा

कर्दे, मुरूड, लाडघर, गुहागर, सगळीकडे घरगुती राहायची सोय आहे आणि माझं मत विचाराल तर मुलं-म्हातारी माणसं असताना मोठ्या हॉटेलपेक्षा ती शंभरपटीने बरी. मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे ओटी, मुलांना झोपाळा, आणि ताप आला तर गरम भात आणि मेतकूट करून देणारी मावशी. फोनवर विचारायचं ते असं: गाडी दारापर्यंत येते का, की पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, सामान उचलून न्यावं लागतं. बाथरूम पाश्चात्त्य पद्धतीचं आहे का, कारण गुडघे दुखणाऱ्यांचा सगळा मूड त्यावर असतो. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का. आणि जेवण शाकाहारी की दोन्ही. मुरूड आणि गुहागरला बरीच घरं फक्त शाकाहारी आहेत, तिथे बाहेरून मासळी आणून खाल्लेली चालत नाही, हे आधी कळलेलं बरं, नंतर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

३. गाडीचं आणि सामानाचं

निघायच्या आठवडाभर आधी ब्रेक, टायर, वायपर, कूलंट बघून घ्या, आणि स्टेपनीत हवा भरा, ही गोष्ट दहातले आठ जण विसरतात. स्टेपनीजवळ जॅकबरोबर एक जाड लोखंडी हुक ठेवलेला असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आट्यांमध्ये फिरवून बसवतात, गाडी ओढायची वेळ आली तर दोर त्याला बांधतात. तो हुक आहे का ते घरीच बघा आणि एकदा लावून बघा. का ते पुढे सांगते.

सामान कमीच घ्या. एक पाण्याचा पाच लिटरचा कॅन फक्त पाय धुवायला, दोन जुन्या चादरी, ओल्या कपड्यांसाठी मोठ्या पिशव्या, टॉर्च, डासांचं मलम, ओआरएस, रोजच्या गोळ्या मोजून दोन दिवस जास्तीच्या. मुलांच्या कपड्यांचा एक जोड डिकीत न ठेवता सीटखाली ठेवा, घाटात लागतो. आणि रोख पैसे. किनाऱ्याच्या गावांत कधी रेंज असते कधी नसते, फेरीबोटीच्या खिडकीवर स्कॅन फिरत बसला की मागे रांग लागते. दापोली आणि गुहागरला एटीएम आहेत, पण माणगावलाच काढून घेतलेले बरे, पेट्रोलही तिथेच.

४. पहाटे निघा, ताम्हिणीतून उतरा

चांदणी चौकातून पहाटे साडेपाचला बाहेर पडा. पौड, मुळशी, मग धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाट, विळे, निजामपूर करत माणगावला मुंबई-गोवा हायवेला लागायचं. पुढे महाड, पोलादपूर, कशेडीच्या बोगद्यातून खेड, आणि खेडहून उजवीकडे दापोली. एकूण सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, मुलांना थांबवत-खाऊ घालत सहा-सात तास धरा. मॅप तुम्हाला मंडणगडवरून जवळचा रस्ता दाखवेल, अंतर खरंच कमी आहे, पण वळणं फार आणि रस्त्याचा भरवसा नाही, पहिल्या वेळी खेडवरूनच जा. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, तो या वेळी डोक्यातूनच काढून टाका.

घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सोडायची, नुसत्या ब्रेकवर नाही, ब्रेक तापून धरेनासे होतात. न्यूट्रलवर तर कधीच नाही. खालून चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर हॉर्न द्यायचा, आणि फोटोसाठी वळणावर थांबायचं नाही, मुळशीच्या बाजूला चांगल्या रुंद जागा आहेत तिथे थांबा.

ज्यांना गाडी लागते त्यांचं बघा. माझ्या धाकट्याला दर वेळी लागायची, आता लागत नाही, आम्ही काय बदललं ते सांगते. सकाळी दूध बंद, त्याऐवजी कोरडा खाकरा किंवा चटणी-पोळी. मोबाईल पूर्ण बंद, मान खाली घालून पुस्तक पण नाही. मधल्या सीटवर, समोरचा रस्ता दिसेल असं बसवायचं, काच दोन बोटं उघडी, एसी बंद. तोंडात आलेपाक. आणि घाट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं थांबून पाय मोकळे करायचे. गोळी द्यायची तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून, अर्धा तास आधी.

५. पहिल्या दिवशी पाण्यात जायचं नाही

हे माझ्या घरात ठाम ठरलेलं आहे. पोचेपर्यंत दुपार झालेली असते, सगळे थकलेले, ड्रायव्हिंग करणारा तर अर्धा झोपलेला, आणि पाण्यात मुलांवर लक्ष ठेवायला जागं माणूस लागतं. जेवा, झोपा, आणि संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलाव बघायला जा. होड्या लागलेल्या असतात, तिथून बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी काढतात, वाळूवर पाट्यांचे ढीग आणि भोवती कोंडाळं करून बोली चाललेली, सुरमई, पापलेट, बांगडे, कोळंबी, आणि सौदा इतका झटकन तुटतो की आपल्याला कळतही नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात हा आहे, मुलांना तिथे उभं करून सांगा. बंदरावर चपला घसरतात, वास येतो, आजी-आजोबांना वरच रस्त्यावर बसवलं तरी चालतं.

६. पाण्यात कसं उतरायचं

दुसऱ्या दिवशी. उतरायच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून समुद्र बघा. लाटा सगळीकडे फुटतायत पण एखाद्या पट्ट्यात फुटत नाहीत, तिथलं पाणी शांत, थोडं गढूळ दिसतंय, फेस आत चाललाय, तर ती जागा ओढीची. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते कारण लाट नाही. तिथे जायचं नाही. खाडी किंवा ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथेही नाही, खडकांजवळ नाही. आणि कुठली जागा चांगली ते गावातल्या माणसाला विचारा, वाळूवर घोडा फिरवणारा, चहाची टपरीवाली मावशी, कोणीही, त्यांना पायाखालची वाळू माहीत असते.

मुलं गुडघाभर, मोठी माणसं कमरेपर्यंत, त्यापुढे नाही, पोहता येत असलं तरी. स्विमिंग पूलमध्ये पोहणं आणि समुद्र यांचा काही संबंध नाही. पायाखालची वाळू भराभर सरकायला लागली तर पाणी उतरतंय, निघा. आणि कोणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याच्या दिशेने पाण्याशी झुंजत बसायचं नाही, दम तुटतो. अंग सोडून तरंगायचं, हात वर करून हाक मारायची आणि किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं, ओढीचा पट्टा फार रुंद नसतो, त्यातून बाहेर पडलं की लाटाच बाहेर आणतात. हे मुलांना घरीच, जमिनीवर झोपवून दाखवून शिकवा. आमच्याकडे अजून एक नियम, एका मोठ्या माणसाने पाण्यात जायचंच नाही, कोरडं राहून फक्त डोकी मोजायची. पाळीपाळीने.

७. गाडी वाळूवर नेऊ नका

तीन वर्षांपूर्वी कर्द्याला आम्ही नेली होती. ओहोटी होती, वाळू कडक दिसत होती, आधीच चार गाड्या उभ्या होत्या, सासूबाईंना चालायला नको म्हणून मी अगदी पाण्याजवळ गाडी लावली. तासाभराने निघायला गेलो तर पुढची डावी-उजवी दोन्ही चाकं चार बोटं खाली. मी ॲक्सिलेटर दिला, चाक जागच्या जागी फिरलं आणि अजून रुतलं. वरून कोरडी दिसणारी वाळू खाली थबथबीत होती, हाताने उकरली की त्या खड्ड्यात लगेच पाणी भरायचं. चाकांपुढे मॅट घातली, ती पण आत गेली. आणि तो नेमका मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा दिवस, उधाणाचं पाणी, दर लाट थोडी पुढे येत होती, शेवटी तर बंपरपासून दहा पावलांवर. सासूबाई काही बोलत नव्हत्या, नुसता जप चालला होता. वाडीतला एक दादा पळत येऊन म्हणाला, "वहिनी, गाडी बंद करा, अजून रुतवू नका, ट्रॅक्टर आणतो." त्याने मागून दोर बांधला, तोच हुक लावून, आणि ओढून काढली. पैसे द्यायला गेले तर डिझेलपुरतेच घेतले.

तेव्हापासून गाडी वर, झाडीत, खडीवर. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेल्यावर दंडही करतात, आणि ते बरोबरच आहे, वाळूत कासवांची घरटी असतात, मुलं खेळत असतात. रुतलीच तर पहिली गोष्ट ॲक्सिलेटर सोडा, सगळ्यांना उतरवा, टायरमधली थोडी हवा काढा, चाकांमागची वाळू उकरून तिथे त्या जुन्या चादरी घाला आणि हळूच मागे घ्या. एकदा प्रयत्न करून नाही निघाली तर लगेच गावात माणूस पाठवा, पाणी चढायच्या आत.

८. जेवणाचं आधी सांगून ठेवा

घरगुती खाणावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो. सकाळचं जेवण हवं तर आदल्या रात्री, रात्रीचं हवं तर सकाळी सांगायचं. उकडीचे मोदक तर एक दिवस आधीच. ऐनवेळी आठ जण जाऊन उभे राहिलात तर त्या बाईंची तारांबळ आणि तुमचं पोट रिकामं. मासे खात असाल तर कोणता मासा हवा हे न सांगता आज काय ताजं आहे ते विचारा, बांगडा ताजा असेल तर शिळ्या पापलेटपेक्षा कितीतरी चांगला लागतो. शाकाहारी असाल तर डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी सांगा, पनीर मागू नका. सोलकढी मुलांना सकाळी उपाशीपोटी नको.

रात्री वाडीत फिरताना टॉर्च हवाच आणि सकाळी चपला, बूट झटकून घालायचे, कोकणात विंचू आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी कमी केले, त्यामुळे आता उपाय आहे, पण उपाय दवाखान्यात आहे. चावलाच तर घरगुती काही करत न बसता सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जात असाल तर वेळास किंवा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघा, फ्लॅश न मारता, दोरीच्या अलीकडे उभं राहून. आंजर्ल्याला गेलातच की कड्यावरचा गणपती आहेच.

९. फेरीबोटीत गाडी चढवताना

तिसऱ्या दिवशी नाष्टा करून दाभोळला या. वाशिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे. रस्त्याने फिरून खेड-चिपळूणवरून गुहागर गाठायचं तर शंभरच्या वर किलोमीटर, बोटीने दहा-पंधरा मिनिटं. घाबरण्यासारखं काही नाही. खिडकीवर गाडीचं आणि माणसांचं वेगवेगळं तिकीट घ्यायचं, बाकीच्यांनी उतरून चालत चढायचं, गाडीत फक्त चालवणारा. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करतो, त्याच्याकडेच बघायचं, मागून नवरा काय सांगतोय ते ऐकायचं नाही. पहिल्या गिअरवर, न थांबता, सावकाश. पाणी उतरलेलं असेल तर बोटीत शिरायचा उतार जास्त खडा होतो आणि कमी उंचीची गाडी खालून घासते, म्हणून माणसं आणि जड बॅगा उतरवलेल्या बऱ्या. जागेवर लागली की हँडब्रेक, गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद. मग खाली उतरून कठड्याशी उभं राहा, मुलांचा हात धरून. सुट्टीच्या दिवशी एक-दोन बोटी सोडाव्या लागतात, त्यामुळे वेळेचं गणित ओढून-ताणून ठेवू नका, आणि शेवटची बोट कितीची ते आदल्या दिवशीच विचारा.

१०. गुहागर

धोपाव्याहून वीसएक किलोमीटर. इथला किनारा लांबच लांब, मागे सुरूचं बन, चालायला यासारखा दुसरा नाही. व्याडेश्वर आणि दुर्गादेवीची देवळं गावातच, आजी-आजोबा सकाळी पायी जाऊन येतात. एक दिवस वेळणेश्वर आणि हेदवी करा. हेदवीला दशभुज गणपती, आणि खाली समुद्राच्या कडेला बामणघळ, कातळाची अरुंद चीर आहे, भरतीचं पाणी आत शिरून एकदम उंच उसळतं. ते बघायला भरतीच लागते, पण लांबून. कातळ शेवाळलेला असतो, वारा असतो, मुलांना कडेवर नाहीतर हात घट्ट धरून, सेल्फीला पाठ फिरवून उभं राहायचं नाही.

११. परत येताना

गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रज, सातारा, पुणे. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. अंधार पडायच्या आत घाट चढून वर यायचं, म्हणजे दुपारचं जेवण चिपळूणला उरकून लगेच निघायचं. घाटात ट्रक फार असतात, त्यांच्या मागे धीराने चाला, वळणावर ओव्हरटेक नाही.

साताऱ्याच्या आसपास मुलं "अजून किती" विचारायला लागतात, तेव्हा मी त्यांना महर्षी कर्व्यांचं सांगते. ते मुरूडचे, जिथे आपण दोन रात्री राहिलो तिथलेच. सतरा वर्षांचे असताना परीक्षा द्यायला मुरूडहून साताऱ्यापर्यंत भर पावसात पायी गेले, आणि दिसायला लहान म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. माझी मुलगी दर वेळी विचारते, मग ते परत पण चालतच गेले का.

घरी आलात की दुसऱ्याच दिवशी गाडी धुवायला द्या आणि खालून पाणी मारायला आवर्जून सांगा. किनाऱ्याची खारी हवा आणि वाळू चाकांच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरवर, दारांच्या खालच्या फटींत बसते आणि तिथूनच गंज धरतो. आतले मॅट उन्हात टाका, सीटच्या फटीत व्हॅक्यूम मारून घ्या. आणि तो हुक परत स्टेपनीजवळ ठेवलात ना, तेवढं बघा.